मोठे टायर आणि अपुरा कायदा

कोणत्याही बाजार समितीच्या आवाराबाहेर पहाटे उभ्या असलेल्या पिकअप गाड्यांच्या रांगेकडे निरखून पाहिले, तर त्यांतील काहींची चाके कारखान्यातून आली तेव्हापेक्षा ठळकपणे मोठी झालेली दिसतात. शेतरस्त्याच्या चिखलात गाडी पोटावर टेकू नये, ओझे अधिक पेलावे आणि, हेही नाकारण्यात अर्थ नाही, गाडी चारचौघांत रुबाबदार दिसावी, अशा संमिश्र हेतूंनी हे टायर चढविले जातात. मग पहिल्याच अरुंद वळणावर आतून खरखर ऐकू येते. टायर घासू लागलेला असतो. ही खरखर बंद करण्याची विद्या आपल्या गॅरेजांना उत्तम अवगत आहे. ती खरखर काय सांगते आहे, हे विचारण्याची पद्धत मात्र ना गॅरेजात दिसते, ना परिवहन खात्यात.

प्रश्न मुळात अंकगणिताचा आहे. टायरच्या बाजूवर २१५/७५ आर १५ असे छापलेले असते. याचा अर्थ रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के आणि आतल्या डिस्कचा व्यास १५ इंच. हिशेब केला तर पूर्ण चाकाचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर भरतो. त्याजागी २३५/७५ आर १५ बसविला की तोच व्यास ७३३ होतो. म्हणजे वरच्या मोकळ्या जागेतून दीड सेंटिमीटर गेला, आणि रुंदी दोन्ही अंगांना एकेक सेंटिमीटर वाढली. गाडी सपाट फरशीवर, रिकामी आणि चाके सरळ ठेवून उभी असेल, तर एवढ्याने काही बिघडत नाही. नेमकी तपासणीही बहुधा त्याच स्थितीत होते! वास्तविक पाहता हौद्यात पूर्ण ओझे असताना, एक चाक उंचवट्यावर चढवून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना अखेरपर्यंत फिरवून उरलेली जागा मोजावयास हवी. कारण पाटे दबतात तेव्हा चाक वर सरकते, आणि पूर्ण वळते तेव्हा त्याची एक कड बंपरकडे व दुसरी आत चेसिसकडे जाते. त्याच परिसरातून ब्रेकची रबरी नळी गेलेली असते, ही गोष्ट विसरता कामा नये. मडगार्डला टायर घासला तर रंग जातो. नळीला घासला तर ब्रेक जातो.

आता उपायांकडे वळू. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे चाक किती वळावे याची मर्यादा ठरविणारा बोल्ट थोडा बाहेर काढणे. चाक कमी वळते, घासणे थांबते, गिऱ्हाईक समाधानाने घरी जाते. परंतु जे वळण पूर्वी एका दमात निघत असे, तेथे आता गाडी थांबवून मागे घ्यावी लागते. आणि घाटातील नागमोडी वळणावर, पाठीशी एस.टी. उभी असताना, भरलेली पिकअप मागे घेणे म्हणजे काय, हे ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगणे नको. दुसरा उपाय चाक बाहेरच्या अंगाला सरकविण्याचा, वेगळी डिस्क घालून वा मध्ये धातूची चकती बसवून. त्याने आतले घासणे जाते. पण चाक अधिक मोठ्या वर्तुळात फिरू लागल्यामुळे ते मडगार्डच्या बाहेरच्या कडेला लागते, आणि बेअरिंगवरचा ताण वाढतो तो वेगळाच. तिसरा उपाय पाट्यांखाली ठोकळे घालून गाडीच उचलण्याचा. हा सर्वांत दिखाऊ आणि माझ्या मते सर्वांत घातक. कारण जी गाडी उसाचे वाढे किंवा कांद्याच्या गोण्या टपापेक्षा उंच रचून नेते, तिचा गुरुत्वमध्य आणखी वर नेणे हे उलटण्याला आमंत्रण आहे. आणि पिकअपच्या हौद्यात आपल्याकडे केवळ गोण्या नसतात. नियमाने मनाई असूनही तेथे मजूर बसतात, वऱ्हाडी बसतात, कधी शाळेची मुलेही बसतात.

घासण्याला निदान आवाज असतो. मोठ्या टायरचे काही दुष्परिणाम मुळीच आवाज करीत नाहीत. वरील उदाहरणात परीघ चार टक्क्यांहून अधिक वाढला. वेगदर्शक काटा ८० दाखवील तेव्हा गाडी ८३ च्या पुढे असेल. धावलेले अंतर कमी नोंदले जाईल, आणि मालक डिझेल जास्त जाते म्हणून पंपावाल्याला बोल लावील! चढावर गाडी थोडी कमी ओढेल. चाकाची त्रिज्या वाढल्याने तोच ब्रेक रस्त्यावर तेवढ्याच प्रमाणात कमी जोर देईल. शिवाय जाड दिसणारा टायर जास्त ओझे पेलतोच असे नाही. प्रत्येक टायरवर भारांक छापलेला असतो. १०० हा अंक म्हणजे एका टायरमागे ८०० किलो. प्रवासी मोटारींसाठी केलेला रुंद टायर हा हलक्या मालवाहू गाडीच्या अरुंद टायरपेक्षा पुष्कळदा कमी भाराचा असतो. तो अंक वाचण्याची तसदी किती गिऱ्हाइके घेतात?

या सर्वांवर आपल्या कायद्याचे उत्तर एका शब्दाचे आहे : मनाई. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात या कलमाचा अर्थ कडक शब्दांत स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मालवाहू गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राच्या नमुन्यात तर टायरची संख्या व आकार यांसाठी स्वतंत्र रकानाच आहे. म्हणजे कायद्यात कडकपणाची उणीव नाही. उणीव आहे ती मोजमापाची. पासिंगच्या आदल्या दिवशी जुने टायर चढवावेत आणि दुसऱ्या दिवशी उतरवावेत, हा परिपाठ वाहनधारकांना नवा नाही. दीड सेंटिमीटरचा समंजस बदल आणि अर्धा फूट उचललेली गाडी हे दोन्ही सारखेच गुन्हे ठरतात, तेव्हा दोन्ही सारखेच लपविले जातात. आणि जे लपविले जाते त्याची तपासणी होत नाही.

इतरत्र हा प्रश्न पट्टीने सोडविला गेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या वाहनबदल संहितेत चौचाकी-चालन असलेल्या मालवाहू गाड्यांना मूळ आकारापेक्षा ५० मिलिमीटरपर्यंत मोठा टायर चालतो. जर्मनीत असा बदल अधिकृत तपासनिसाकडून तपासून घेऊन कागदपत्रांत नोंदवावा लागतो. अमेरिकेतही, जेथे पिकअप उंच करण्याचे वेड सर्वाधिक आहे, नॉर्थ कॅरोलायना राज्याने डिसेंबर २०२१ पासून पुढचा भाग उंच आणि मागचा खाली अशा गाड्यांना बंदी केली ती इंचांत मोजून : पुढच्या आणि मागच्या मडगार्डच्या उंचीत चार इंचांचा फरक झाला की गाडी बेकायदा.

आपले रस्ते आणि आपली ओझी पाहता ऑस्ट्रेलियाचा आकडा जसाच्या तसा उचलावा असे मी म्हणणार नाही. भरलेल्या पिकअपला पन्नास मिलिमीटर मला जास्त वाटतात. परंतु त्याच गाडीच्या दुसऱ्या नमुन्याला उत्पादकानेच जो आकार दिलेला असतो, तो तपासणीनंतर नोंदवून देण्यास हरकत कोणती? मूळच्या इतकाच किंवा अधिक भारांक असावा, काट्याची चूक दुरुस्त करून घ्यावी आणि पूर्ण ओझ्यानिशी, पूर्ण वळणावर, टायर कोठेही न लागल्याचे तपासनिसाने स्वतः पाहावे. यासाठी नवे यंत्र लागत नाही. एक उतरंड, काही गोण्या, एक पट्टी आणि गाडीखाली वाकून पाहण्याची तयारी असलेला एक निरीक्षक एवढे पुरे. टायरच्या आकाराचा रकाना तर नमुन्यात आधीच छापलेला आहे.