तेरा वर्षांच्या पोराला सामने द्या!

शाहू स्टेडियमच्या दारात हे पत्रक हातात पडेल तेव्हा तुम्ही घाईत असाल. पाटाकडील की शिवाजी, दिलबहार की प्रॅक्टिस, आत शिट्टी व्हायची वेळ झालेली असेल. घडी घालून खिशात ठेवा आणि हाफ टाइमला वाचा. विषय भारताच्या संघाचा आहे, पण तो फिरून तुमच्या पेठेतच येणार आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला आम्ही सहा जण तालमीतून निघालो आणि आजरा-आंबोली मार्गे मडगावला गेलो. फातोर्ड्याच्या मैदानात भारत विरुद्ध सिंगापूर. पाचच दिवसांपूर्वी सिंगापूरला जाऊन, झिंगनला रेड कार्ड मिळाल्यावर दहा जणांनिशी खेळून, रहीम अलीच्या अगदी शेवटच्या गोलवर आपण १-१ अशी बरोबरी करून आलो होतो. मडगावात छांगटेनं लांबून असा काही गोल मारला की शेजारचा अनोळखी गोंयकार माझ्या गळ्यात पडला. हाफ टाइमच्या तोंडावर सिंगापूरच्या सोंग उई-यंगनं बरोबरी केली, दुसऱ्या अर्धात त्यानंच दुसरा गोल केला, आणि २०२७ च्या आशिया चषकाचं दार बंद झालं. चार सामन्यांत आपले गुण दोन. परतीच्या वाटेवर घाट चढून होईपर्यंत गाडीत कुणी तोंड उघडलं नाही.

त्याच्या आदल्याच दिवशी केप व्हर्डे नावाचा बेटांचा देश विश्वचषकासाठी पात्र ठरला होता. लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत आपल्या कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात होती. पुढे १८ नोव्हेंबरला ढाक्यात आपण बांगलादेशकडून ०-१ ने हरलो. बांगलादेशकडून हार बावीस वर्षांत पहिलीच. आणि त्याच तारखेला जमैकात बरोबरी साधून क्युरासाओ विश्वचषकात पोहोचला. क्युरासाओची माणसं दीड लाखाच्या आसपास, म्हणजे इचलकरंजीच्या निम्मीच.

कुणी लगेच म्हणेल, क्युरासाओचे बहुतेक खेळाडू हॉलंडमध्ये जन्मले, तिथंच शिकले, त्यांची आपल्याशी तुलना कशी? बरोबर आहे. म्हणून ती तुलना सोडा आणि उझबेकिस्तानकडे बघा. तो देश स्वतंत्र झाला १९९१ ला. २०१८ मध्ये त्यांचा २३ वर्षांखालील संघ आशियाचा विजेता झाला, २०२३ मध्ये २० वर्षांखालचा, २०२५ मध्ये १७ वर्षांखालचा. जून २०२५ मध्ये त्यांचा मोठा संघ पहिल्यांदा विश्वचषकासाठी पात्र ठरला. ही पोरं त्यांनी स्वतःच्या मातीत वाढवली. जानेवारी २०२४ मध्ये कतारच्या आशिया चषकात त्यांनी आपल्याला ३-० ने हरवलं. त्या स्पर्धेत आपण तीन सामने खेळलो आणि एकही गोल न करता परत आलो. तेव्हा आम्ही प्रशिक्षकाला शिव्या घातल्या. आज त्या शिव्यांची मला लाज वाटते, कारण त्या चुकीच्या दारावर पडल्या.

जून २०२४ ते ऑगस्ट २०२५ एवढ्या काळात भारतानं तीन प्रशिक्षक पाहिले. स्टिमाच गेले, मार्केझ आले आणि गेले, आता खालिद जमील आहेत. जमील मुंबईच्या मैदानांवर घडलेले, आयझॉलसारख्या छोट्या क्लबला २०१६-१७ ची आय-लीग जिंकून देणारे. माणूस जिद्दीचा आहे. पण जमिलांनी स्ट्रायकर आणायचा कुठून? सुनील छेत्री जून २०२४ मध्ये कोलकात्याला कुवेतविरुद्ध निरोपाचा सामना खेळले, आणि मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्यांना पुन्हा बोलवावं लागलं. छेत्रींचं मोठेपण मी जाणतो. पण नऊ महिन्यांत त्यांच्या जागी दुसरा माणूस उभा राहिला नाही, ही देशाच्या फुटबॉलची नामुष्की आहे. जुलै २०२३ मध्ये आपण फिफाच्या क्रमवारीत ९९ वे होतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये १४२ वे.

वरच्या लोकांचा हिशोब आधी मांडतो. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफानं आपल्या महासंघावर बंदी घातली होती, ती अकरा दिवसांनी उठली. अशी वेळ देशावर यावी हेच मुळात लाजिरवाणं. निवडणूक झाली, नवे लोक आले, घटनेचं प्रकरण २०२५ पर्यंत सर्वोच्च न्यायालयात चाललं. लीग चालवणाऱ्या कंपनीशी पंधरा वर्षांचा करार होता. तो संपणार हे पंधरा वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं, तरी २०२५-२६ चा हंगाम वेळेवर सुरू करता आला नाही. हक्कांसाठी निविदा काढली, तिला एकही बोली आली नाही. देशाच्या कर्णधारांना, गोलरक्षकांना जाहीर निवेदन काढून ‘आम्हाला खेळू द्या’ असं म्हणावं लागलं. ज्यांच्या हातात कारभार आहे त्यांनी याचं उत्तर दिलंच पाहिजे, आणि ते मिळेपर्यंत आपण विचारत राहिलं पाहिजे.

पण महासंघाला चार शिव्या देऊन आपण मोकळे होतो, तिथंच आपली चूक होते. भारताचा संघ मडगावात हरला नाही, ढाक्यातही हरला नाही. तो दरवर्षी तुमच्या-माझ्या गल्लीत हरतो, तेरा वर्षांच्या पोराच्या वयाला.

आमच्या गल्लीत एक पोरगा होता. डावखुरा. पायाला बॉल चिकटल्यासारखा पळायचा. तेराव्या वर्षी अख्ख्या हंगामात त्याला खरे सामने मिळाले पाच. शाळेची एक स्पर्धा, पहिल्या फेरीत बाहेर, आणि सुट्टीत एक नाइन-अ-साइड. बाकी वर्षभर सराव, तोही मैदान मिळेल तेव्हा. सोळाव्या वर्षी तो मोठ्यांच्या बाकावर बसला, कारण पुढची जागा बाहेरून आणलेल्या खेळाडूला होती. एकोणिसाव्या वर्षी शिरोली एमआयडीसीत कामाला लागला. आजही तो मॅच बघायला येतो आणि माझ्या शेजारी बसतो.

तो चांगला होता का, हे आता कधीच कळणार नाही. माझा राग याच गोष्टीचा आहे.

देशाच्या लीगमध्ये जे झालं तेच आपण पेठेत केलं. तिथं गोल मारायच्या जागा परदेशी खेळाडूंना दिल्या आणि मग राष्ट्रीय संघाला स्ट्रायकर का मिळत नाही म्हणून चर्चा झाल्या. इथं तालमींनी इर्षेपोटी नायजेरियातून खेळाडू आणले. त्या पोरांबद्दल माझी तक्रार नाही, ती पोटासाठी आली आणि जीव तोडून खेळली. पण त्यांच्यासाठी वर्गणी काढताना आपण आपल्या लहान पोरांसाठी एक रुपया वेगळा ठेवला का? गुलालाचा खर्च आपण मोजत नाही. लहान गटाच्या बुटांचा मोजतो.

‘आपल्याकडं क्रिकेट आहे, म्हणून फुटबॉल वाढत नाही’ असं सांगणाऱ्यानं एकदा शाहू स्टेडियमवर यावं. उन्हाच्या तडाख्यात इथं हजारो माणसं उभ्यानं सामना बघतात. ‘आपली शरीरयष्टी नाही’ म्हणणाऱ्यानं १९६२ आठवावं. जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत अंतिम सामन्यात आपण दक्षिण कोरियाला २-१ ने हरवलं. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांचे गोल होते, आणि प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम होते. कर्करोगानं रहीमसाहेब पुढच्याच वर्षी गेले. त्याआधी १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये आपण चौथे आलो होतो. ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारणारे नेव्हिल डिसोझा गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत टाटांकडून खेळलेले. म्हणजे आपल्याच पट्ट्यातले.

त्या पट्ट्यात पुढं काय घडलं? १८९१ ला सुरू झालेला मुंबईचा रोव्हर्स कप गेली पंचवीसएक वर्षं झालेला नाही. महिंद्र युनायटेड २०१० ला बंद. पुणे एफसी गेला, डीएसके शिवाजियन्स गेला, एफसी पुणे सिटी गेला. प्रत्येक क्लबाबरोबर लहान वयोगटाचे संघ गेले, म्हणजे पोरांचे सामने गेले. सप्टेंबर २०१७ मध्ये सरकारनं एका दिवसात लाखो मुलामुलींना मैदानात उतरवलं होतं. तो दिवस मी डोळे भरून पाहिला. मला हवा होता त्या दिवसानंतरचा प्रत्येक शनिवार. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्याच वर्षी १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. एका अनिकेतवर किती वर्षं समाधान मानायचं?

म्हणून आमची मागणी मोठी नाही. जिल्ह्यात १३ आणि १५ वर्षांखालच्या मुलामुलींची लीग हवी, नुसती बाद फेरीची स्पर्धा नको. बाद फेरीत निम्मी पोरं एका सामन्यात घरी जातात. लीगमध्ये हरलेलं पोरगंही पुढच्या शनिवारी पुन्हा उभं राहतं. वर्षाला निदान तीस सामने. मोठ्या गटात खेळणाऱ्या प्रत्येक तालमीला लहान गटाचा संघ सक्तीचा करा. संघ नसेल तर नोंदणी नको. हे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनला करता येईल, त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही. राज्य संघटनेनं मग जिल्ह्याजिल्ह्यांच्या विजेत्यांना एकमेकांशी खेळवावं. आणि मुलींचा गट शेवटी आठवला म्हणून जोडलेला नको. आपल्या महिला संघानं जुलै २०२५ मध्ये चियांग माईत थायलंडला त्यांच्याच मैदानावर २-१ ने हरवलं आणि पात्रता फेरी खेळून पहिल्यांदाच आशिया चषकात जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. त्या रात्री तुमच्या पेठेत फटाका वाजला होता का?

मी संघ सोडलेला नाही, सोडणारही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये याच जमिलांच्या पोरांनी ओमानला पेनल्टीवर हरवून मध्य आशियाच्या स्पर्धेत तिसरा क्रमांक घेतला, तेव्हा मी रस्त्यावर ओरडत धावलो होतो. जून २०१८ मध्ये अंधेरीच्या मैदानात तैवानविरुद्ध आपण पाच गोल केले आणि बघायला अडीच हजारांच्या आसपास माणसं होती. छेत्रींनी हात जोडून सांगितलं, या, शिव्या द्यायच्या तर मैदानात येऊन द्या. पुढच्या केनियाच्या सामन्याला मैदान भरलं, कोसळत्या पावसात कुणी उठलं नाही, आणि भारत ३-० ने जिंकला. त्या गर्दीत मी होतो. प्रेक्षक हलला की खेळ हलतो, हे मी भिजत उभा राहून पाहिलंय.

आता तुमच्याकडं एकच मागणं. सामना संपल्यावर आपापल्या तालमीत जा. अध्यक्षांना, सेक्रेटरींना नम्रपणे पण सगळ्यांसमोर विचारा: आपला १३ वर्षांखालचा संघ कुठाय, आणि यंदा तो किती सामने खेळणार? उत्तर आकड्यात घ्या. ते आकडे लिहून पुढच्या रविवारी याच दारात घेऊन या. आम्ही वही घेऊन उभे आहोत.