नळाचे पाणी आणि विजेचे बिल

कार्बन कमी करण्याच्या गोष्टी दूरच्या वाटतात. इंदूरकरांसाठी मात्र त्या घरच्या नळापाशीच सुरू होतात. १९७८ पासून आपण नर्मदेचे पाणी पितो. ते जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, विंध्याची चढण चढवून पंपांनी आणावे लागते. या पंपांचे वीजबिल २०२३ च्या सुमारास दरमहा जवळजवळ २५ कोटी रुपये सांगितले जात होते.

हा खर्च कमी करण्यासाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये महापालिकेने हरित रोखे विक्रीस काढले. त्यातून २४४ कोटी रुपये उभे राहिले. व्याजदर ८.२५ टक्के. मूळ मागणी १२२ कोटींची होती. तिला जवळजवळ सहापट प्रतिसाद मिळाला. या पैशांतून खरगोन जिल्ह्यात, जलूद येथे ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचा असे ठरले. सामान्य गुंतवणूकदारांनीही त्यात पैसे घातले, ही कौतुकाची गोष्ट आहे.

बँकेतल्या सवयीने मी साधा हिशेब मांडला. एक किलोवॉटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरले, तर ६० मेगावॉटमधून वर्षाला सुमारे पावणेनऊ कोटी युनिट मिळतात. रोख्यांचे पहिल्या वर्षाचे व्याज सुमारे २० कोटी. म्हणजे युनिटमागे नुसते व्याजच सव्वादोन रुपयांच्या पुढे. मुद्दल आणि देखभाल वेगळी. विकतची वीज याहून महाग असल्याने व्यवहार मुळात चांगला आहे. पण बचतीचा आकडा सांगताना हे सगळे आधी वजा केले पाहिजे. शिवाय व्याज सुटीच्या दिवशीही चालते. ऊन मात्र प्रकल्प सुरू झाल्यावरच कामाला येते. अशा कामात उशीर हाच सर्वांत मोठा खर्च असतो.

दुसरी गोष्ट वेळेची. सूर्य दिवसा, पाण्याची गरज मात्र अहोरात्र. जास्तीत जास्त उपसा दुपारी करून टाक्या भरून ठेवता आल्या, तर त्या टाक्याच आपली बॅटरी ठरतील.

तिसरी गोष्ट गळतीची. फुटलेल्या जलवाहिनीतून वाया जाणारे पाणीही तेवढीच वीज खाऊन वर आलेले असते. गळती थांबवून वाचवलेल्या युनिटला ना जमीन लागते, ना रोखे.

म्हणून महापालिकेकडे आपण एवढेच मागावे: तयार झालेली वीज, पंपांचे बिल, दिलेले व्याज आणि गळती, हे चार आकडे दरवर्षी एकाच कागदावर प्रसिद्ध करा. कर्ज शहराच्या नावावर आहे, म्हणजे आपल्याच नावावर आहे. पासबुक तपासण्याचा हक्क खातेदाराचा असतो. आणि गच्चीवरची टाकी ओसंडून वाहत असेल, तर ती बंद करण्याचे काम घरातल्यांचे.