विश्लेषण : शाईचे डाग मुलांबद्दल नेमके काय सांगतात?

शाळेत अचानक गप्प झालेल्या किंवा सतत चिडणाऱ्या मुलाला घेऊन आर्वी, कारंजा, समुद्रपूरकडचे पालक सेवाग्राम किंवा सावंगीचे रुग्णालय गाठतात. मानसशास्त्रीय तपासणीत काही वेळा मुलापुढे शाईच्या डागांचे चित्र ठेवून ‘हे काय असू शकेल?’ असे विचारले जाते. तिथेच पालकांच्या पोटात गोळा येतो.

चाचणी काय आहे?

स्विस मानसोपचारतज्ज्ञ हर्मन रोर्शाक यांनी १९२१ मध्ये ती मांडली. एकूण १० चित्रे. पाच काळी-करडी, दोनमध्ये लाल रंग, तीन रंगीत. उत्तर बरोबर किंवा चूक नसते. मुलाने डागाचा कोणता भाग पाहिला, सांगितलेली वस्तू त्या आकाराशी कितपत जुळते, हालचाल दिसली का, याची नोंद होते. रोर्शाक पुढच्याच वर्षी, ३७व्या वर्षी वारले. गुणांकनाच्या पद्धती नंतर इतरांनी बांधल्या आणि वादही त्यावरच आहे.

मुलांबाबत वाद का?

अमेरिकेत २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६ ते १२ वर्षांच्या १०० सर्वसामान्य मुलांची चाचणी झाली. तेव्हाच्या प्रचलित निकषांनी पाहिले, तर त्यातली बरीच मुले गंभीर मानसिक त्रासात आहेत असे दिसत होते. प्रत्यक्षात ती ठणठणीत होती! दोष मोजपट्टीचा होता. पुढे निकष सुधारले गेले. विचारांतील गोंधळ ओळखण्यात चाचणीला चांगला आधार आहे, हे २०१३ च्या व्यापक आढाव्यात दिसले; इतर अनेक निष्कर्षांचा आधार मात्र कमकुवत निघाला. मग तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी मिरवणाऱ्या पोराला डागात बैल दिसला, तर तो परदेशी तक्त्यावर कसा मोजायचा?

हा प्रश्न दवाखान्यापुरता नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम १५ नुसार जघन्य गुन्ह्यातील १६ ते १८ वयाच्या मुलाची मानसिक क्षमता तपासली जाते आणि त्याच्यावर प्रौढांसारखा खटला चालवायचा का, हे त्यावर ठरू शकते. अशा वेळी एकट्या डागांवर विसंबणे अन्यायाचे ठरेल. मुलाखत, शाळेची माहिती, घरचा इतिहास यांच्या जोडीलाच ही चाचणी हवी.

पालकांनी तपासणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी विचारावी, अहवाल समजावून मागावा. ही चित्रे मोबाइलवर सहज सापडतात. ती मुलाला आधी दाखवू नयेत, उत्तरे तर मुळीच पढवू नयेत.