आधी नकाशा, मग जीर्णोद्धार

जुने दगडी देऊळ दिसले की त्यास ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होण्याची सवय आपणां सुशिक्षितांनाही जडली आहे. हेमाद्री पंडित हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील यादवांचा श्रीकरणाधिप. अंबरनाथचे शिवालय तर शिलालेखानुसार शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधले, शिलाहारांच्या काळचे. ही केवळ नावाची चूक असती तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु ज्या वास्तूची ओळख आपण नावापलीकडे करून घेत नाही, ती बिघडवतानाही आपला हात थरथरत नाही. आणि दुखणे नेमके तेथे आहे.

मध्ययुगीन देवालय हे आधी भूमीवर आखले जाई आणि मग उभे राही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत देवालयासाठी चौसष्ट पदांचे वास्तुमंडल सांगितले आहे. त्याच्या मध्यभागी ब्रह्मस्थान. गर्भगृहाचा चौरस, त्यापुढे अंतराळ, मग मंडप, ही मांडणी भक्ताला उजेडातून पायरीपायरीने अंधाराकडे नेते. भूमिज पद्धतीच्या अनेक देवळांत चौरस स्वतःच्या मध्याभोवती फिरवून तारकाकृती तलविन्यास साधलेला आढळतो. भिंतीचा जो कोन तळाशी पुढे येतो, त्याच्याच माथ्यावर लहान शिखरांची ओळ चढत जाते. सिन्नरचे गोंदेश्वर पाहावे. मधले शिवालय आणि भोवतीची चार उपमंदिरे मिळून पंचायतन होते. या पाचांमधील मोकळी जागादेखील त्या रचनेचाच भाग आहे.

आता गावोगावचे जीर्णोद्धार पाहा! मंडपाला खेटून पत्र्याची शेड, गर्भगृहात गुळगुळीत फरशा, शिल्पांवर तैलरंगाचे थर आणि दगडांच्या सांध्यांत आतली ओल कोंडून धरणारे सिमेंट. यामागील भक्तिभावाबद्दल आम्हांस तिळमात्र शंका नाही. देऊळ हे वस्तुसंग्रहालय नव्हे. तेथे घंटा वाजलीच पाहिजे, पावसात उभ्या राहणाऱ्या भाविकास आडोसाही हवा. पण तो आडोसा कोठे उभारावा हे तलविन्यास पाहून ठरावे, वर्गणीच्या रकमेवरून नव्हे.

कायदा नाही असे नाही. केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा असे दोन कायदे आहेत. २०१० च्या दुरुस्तीने केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे. मात्र हे कवच संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या वास्तूंपुरतेच. ज्यांचे नाव कोणत्याही यादीत नाही, त्या देवळांचा वाली कोण?

आमची मागणी साधी आहे. सरकारी अनुदान असो वा लोकवर्गणी, पहिला दगड हलविण्यापूर्वी देवळाचा मोजणी करून काढलेला तलविन्यास तयार व्हावा. त्याची एक प्रत पुरातत्त्व विभागात व एक ग्रामपंचायतीत राहावी. वास्तुशास्त्र महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना सुटीत हे काम सहज देता येईल. ढासळलेला दगड नकाशाच्या आधारे पुन्हा जागी बसविता येतो. नकाशाच नसेल तर नऊशे वर्षांपूर्वीच्या सूत्रधाराची आखणी आपण कोणास विचारणार?