वेदनाशामक नवे, प्रश्न जुनाच

वेदना आणि दाह शमवणारे नवे संयुग तयार झाले की चर्चा होते ती त्याच्या गुणाची. शरीरात ते आणखी काय करते, हा प्रश्न मागे पडतो. रोफेकॉक्सिबचा धडा म्हणूनच विसरता कामा नये.

ते कशासाठी बनवले?
ॲस्पिरिनसारखी औषधे कॉक्स-१ आणि कॉक्स-२ ही दोन्ही विकरे रोखतात. कॉक्स-२मुळे दाह वाढतो, तर कॉक्स-१ जठराच्या अस्तराचे रक्षण करते. म्हणून मुख्यतः कॉक्स-२ रोखणारे रेणू रचले गेले. त्यांपैकी रोफेकॉक्सिब १९९९ मध्ये अमेरिकेत बाजारात आले.

चुकले कुठे?
रक्तात गुठळी होऊ न देणारा एक घटकही कॉक्स-२मुळेच तयार होतो. तो घटला, गुठळीला चालना देणारा घटक मात्र तसाच राहिला. हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढल्याचे दिसल्यानंतर २००४ मध्ये कंपनीने औषध मागे घेतले. भारतातही त्यावर बंदी आली.

आता पुढे काय?
जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने तीव्र वेदनांसाठी सुझेट्रिजिन हे अफूवर्गीय नसलेले औषध मंजूर केले. त्याचे स्वागतच, पण अल्पकाळाच्या चाचण्यांवरून दीर्घकाळाची हमी मिळत नाही. भारतात दुष्परिणाम नोंदवण्याची राष्ट्रीय यंत्रणा २०१० पासून आहे. सांधेदुखीची गोळी चिठ्ठीविनाच मागितली आणि दिली जात असेल, तर त्या नोंदी होणार कशा? औषधाची खरी परीक्षा मंजुरीनंतरच सुरू होते.