हजेरीपट कोणाचा, नुकसान कोणाचे?

डिलाईल रोडचे ना. म. जोशी मार्ग असे नामांतर होऊन कित्येक वर्षे लोटली. तरी परळ-लालबागच्या माणसाच्या तोंडी अजून जुनेच नाव आहे. कामगार चळवळीच्या आद्य पुरुषांपैकी एकाचे नाव ज्या रस्त्याला दिले, त्या रस्त्यावर आज गिरणीचा भोंगा वाजत नाही. अपोलो गेली, मथुरादास गेली. त्या जागी निवासी मनोरे आणि काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. गिरण्यांचे जे काही मागे उरले आहे, ते मुख्यतः कागदाच्या रूपाने उरले आहे, आणि तो कागद ज्याच्यापाशी आहे त्यालाच त्याचे मोल कळते.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. त्यांना किंवा त्यांच्या वारसांना घरे देण्याची योजना पुढे आली, तेव्हा अट अशी पडली की १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर आपण गिरणीच्या पटावर होतो हे अर्जदाराने दाखवावे. तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्र, पगाराची पावती, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, राज्य विमा योजनेचे कार्ड असे पुरावे त्यासाठी ग्राह्य धरण्यात आले. सप्टेंबर २०२३ मध्ये म्हाडाने वांद्र्याला पात्रता ठरविण्याचे विशेष शिबिर सुरू केले, तेव्हा सुमारे दीड लाख अर्जदारांचा प्रश्न समोर होता. ज्याने संपकाळात गावी जाताना पत्र्याच्या ट्रंकेत पगाराची चिठ्ठी ठेवली आणि ती ट्रंक रत्नागिरी-साताऱ्याच्या घरात माळ्यावर सुरक्षित राहिली, त्याचे काम सोपे झाले. ज्याने सर्व काही गिरणीच्या कचेरीवर सोपविले होते, त्याला बंद पडलेल्या गिरणीच्या दाराशी दाद मागावी लागली. हजेरीपट गिरणीच्या मालकीचा होता. तो गहाळ झाल्याचा तोटा मात्र कामगाराच्या पदरी पडला.

आज त्याच रस्त्यावरील कचेऱ्यांत हजेरी, पगार, रजा, ठेवी, विमा, गुणपत्रिका या सर्वांची नोंद सर्व्हरवर असते. नोंदीची दुसरी प्रत ठेवण्याच्या कामाला बॅकअप म्हणतात, आणि गरज पडल्यावर त्या प्रतीवरून काम पुन्हा उभे करण्याला रिकव्हरी. या विषयाची एक परिभाषा तयार झाली आहे. ती संगणक विभागाने जाणावी, आपल्याला तिच्याशी काय करायचे आहे, अशी शिक्षक-कारकुनांची समजूत असते. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. हे शब्द वरकरणी यंत्राचे असले, तरी अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता ते नुकसानीच्या वाटपाचे शब्द आहेत. नोंद बुडाली तर किती बुडावी आणि ती कोणी सोसावी, याचा निर्णय त्यांत आधीच होऊन बसलेला असतो.

आपल्या जुन्या पेढीचा हिशेब आठवला तर त्यांतील बरेचसे उलगडते. पेढीवर रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. घडलेला प्रत्येक व्यवहार क्रमाने रोजकीर्दीत चढे, मग तो खात्याखात्यांत उतरविला जाई. उद्या खतावणी भिजली, तरी मागची एखादी खतावणी आणि तेव्हापासूनची रोजकीर्द हाताशी असली की मुनीम नवी खतावणी उभी करू शके. संगणकातही हेच होते. सगळ्या नोंदींची एकदम घेतलेली प्रत म्हणजे पूर्ण बॅकअप; ती खतावणीची नक्कल होय. मागच्या प्रतीनंतर जेवढे बदलले तेवढेच उतरवून घेणे म्हणजे इन्क्रिमेंटल, अर्थात वाढीव बॅकअप. आणि प्रत्येक बदल घडताक्षणीच दुसरीकडे क्रमाने टिपत जाणे, म्हणजे रोजकीर्दीचीच नक्कल चालू ठेवणे, याला सतत चालणारा बॅकअप म्हणतात. याचा मोठा गुण असा की कोणत्याही क्षणापर्यंत मागे जाता येते. दुपारी सव्वादोनला चूक झाली असेल, तर दोन वाजून चौदा मिनिटांची स्थिती परत आणता येते. दर पंधरा मिनिटांनी नोंदींचे जणू छायाचित्र टिपून ठेवणाऱ्या पद्धतीलाही काही विक्रेते ‘सतत’ म्हणतात. ती स्नॅपशॉटची पद्धत होय. ती वाईट नाही, परंतु ती सतत नाही.

या परिभाषेत दोन शब्द खरे महत्त्वाचे आहेत. पहिला आर.पी.ओ., म्हणजे रिकव्हरी पॉइंट ऑब्जेक्टिव्ह: अपघात झाल्यास मागे किती काळापर्यंतच्या नोंदी गमावण्याची आपली तयारी आहे, त्याची मर्यादा. दुसरा आर.टी.ओ., म्हणजे रिकव्हरी टाइम ऑब्जेक्टिव्ह: काम पुन्हा सुरू होण्यास किती वेळ लागलेला चालेल, त्याची मर्यादा. (परिवहन कार्यालयाशी त्याचा संबंध नाही, दोन्हीकडे ताटकळावे लागते एवढेच साम्य.) बॅकअप रोज रात्री एकदाच घेतला जात असेल, तर पहिल्या शब्दाचे उत्तर ‘सुमारे एक दिवस’ असे येते. संध्याकाळी सर्व्हर बंद पडला तर त्या दिवशी केलेले काम झालेच नाही असे धरावे लागेल.

हे आकडे शून्याच्या जवळ नेण्यास पैसा लागतो. एका दिवसावरून एका तासावर येण्यास फारसा खर्च नाही. एका मिनिटावरून शून्यावर येण्यास पुष्कळ आहे. तेव्हा जेथे वाढीव खर्च आणि वाचणारे वाढीव नुकसान समान होतात तेथे उद्योजकाने थांबावे, हे आम्ही वर्गात शिकवितो तेच येथेही लागू पडते. पण या नियमात एक गोम आहे. उद्योजक हिशेब करतो तो स्वतःच्या नुकसानीचा. ग्राहकाचा, कर्मचाऱ्याचा, विद्यार्थ्याचा तोटा त्याच्या वहीत चढत नाही. कारखान्याचा धूर जसा शेजाऱ्याच्या छातीत जातो, तशी कमी खर्चाच्या बॅकअपची झळ बाहेरच्यांना लागते. साहजिकच मालक जेथे थांबतो ती जागा समाजाच्या हिताच्या अलीकडेच असते.

जेथे बाहेरचे लोक बलवान आहेत, तेथे मात्र हा आकडा मालकाच्या मर्जीवर राहिलेला नाही. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले, ते दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. पर्यायी केंद्र असताना काम तिकडे का नेले नाही, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. पुढच्याच महिन्यात सेबीने बाजार, क्लिअरिंग संस्था आणि डिपॉझिटरी यांना बंधन घातले: महत्त्वाची यंत्रणा कोलमडल्यास अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करावी, त्यानंतर ४५ मिनिटांत काम सुरू व्हावे, आणि १५ मिनिटांहून अधिक काळाच्या नोंदी गमावू नयेत. डिलाईल रोडपासून चार पावलांवर असलेल्या कमला मिलच्या आवारात एन.एस.डी.एल. या डिपॉझिटरीचे कार्यालय अनेक वर्षे होते. भागधारकाच्या नोंदीला पंधरा मिनिटांचे संरक्षण आहे. त्याच आवारातील एखाद्या कचेरीतल्या टंकलेखकाच्या रजेच्या नोंदीला किती मिनिटांचे आहे, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते.

आणखी एका शब्दाबाबत गैरसमज फार आहे. तो म्हणजे रिप्लिकेशन. एका सर्व्हरची हुबेहूब प्रतिकृती दुसऱ्यावर सतत उमटत राहते, तिला हे नाव आहे. अशी व्यवस्था असली की बॅकअप निराळा नको, असे मानले जाते. वस्तुतः ती आरशासारखी असते. इकडे डाग पडला की तिकडेही पडतो. इकडची नोंद कोणी पुसली, तर तिकडचीही त्याच क्षणी पुसली जाते. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाच्या विध्वंसक प्रोग्रॅमने मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीचे जगभरचे संगणक निकामी केले. समोरच्या किनाऱ्यावर न्हावा-शेवा बंदरात तिच्या समूहातील कंपनी चालवीत असलेल्या टर्मिनलचे कामही तेव्हा विस्कळित झाले. कोणत्या कर्मचाऱ्याला कोठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे कंपनीचे सुमारे दीडशे सर्व्हर परस्परांशी सतत जुळवून घेत असत, आणि म्हणूनच ते एकदम गेले. वाचला तो घानातला एक; तेथे वीज गेल्यामुळे तो त्या वेळी जाळ्यापासून तुटलेला होता. त्याच्यावरून पुढची उभारणी झाली, दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने सिद्ध करावे लागले. एवढ्या बलाढ्य कंपनीला वीजटंचाईने तारले!

यातूनच निदान एक प्रत जाळ्यापासून तोडून ठेवण्याच्या पद्धतीचे महत्त्व पटते. खंडणीसाठी नोंदींना कुलूप घालणारे रॅन्समवेअर बॅकअपच्या प्रती प्रथम शोधते. सतत टिपलेली रोजकीर्दही त्यापुढे अपुरी पडू शकते, कारण ती किती दिवस मागची ठेवायची याला मर्यादा असते. शिरकाव महिन्याभरापूर्वी झाला असेल आणि रोजकीर्द आठवड्याचीच असेल, तर दूषित नसलेला क्षण हाती लागत नाही. म्हणून तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत अन्यत्र असावी, असा संकेत रूढ झाला आहे. अन्यत्र म्हणजे शेजारच्या खोलीत नव्हे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा एकाच तळघरात ठेवलेली मूळ नोंद आणि तिची प्रत यांच्यात काय फरक उरला असेल? २१ जून २०१२ ला मंत्रालयाचे वरचे मजले जळाले, पाच माणसे दगावली, आणि जळालेल्या फायली इतर कार्यालयांतील प्रतींवरून पुन्हा तयार करण्याची वेळ आली. त्याच महिन्याच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या ६,९२५ घरांची पहिली सोडत निघाली. राज्याच्या फायली आणि कामगारांचे कागद, दोन्हींची परीक्षा एकाच महिन्यात व्हावी हा योगायोगच.

प्रत असणे आणि ती उपयोगी पडणे यांतही अंतर आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या परदेशी कंपनीच्या एका अभियंत्याने चुकून मूळ नोंदीच पुसल्या. तेव्हा लक्षात आले की प्रती ठेवण्याच्या पाच व्यवस्थांपैकी एकही भरवशाने चालत नव्हती. सुदैवाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सापडली. इतक्या दूर जाण्याचे तरी कारण काय? मी ज्या महाविद्यालयांत शिकविले त्यांतील एकात अंतर्गत गुणांची प्रत वर्षभर नित्यनेमाने घेतली जात होती. गरज पडली त्या दिवशी तिचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नव्हता. दोनशे विद्यार्थ्यांचे गुण आम्ही प्राध्यापकांच्या डायऱ्यांवरून पुन्हा भरले, आणि ज्यांच्या प्राध्यापकाने डायरी ठेवली नव्हती त्यांना सरासरी गुण देण्यात आले. हुशार मुलांनी ती सरासरी निमूटपणे सोसली. म्हणून प्रत कितीदा घेता, यापेक्षा ती शेवटची केव्हा उघडून पाहिली, हा प्रश्न मी आता आधी विचारतो.

कायद्याने या दिशेने थोडी वाटचाल केली आहे. कंपन्यांच्या संगणकीय हिशेबवह्यांची प्रत भारतातील सर्व्हरवर ठेवावी, आणि तीही दररोज, असे ऑगस्ट २०२२ मधील दुरुस्तीने ठरले. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबातील प्रत्येक फेरफाराचा माग ठेवणेही सक्तीचे झाले. हे सर्व हिशेबवह्यांसाठी आहे; कारण त्यांत भागधारक, धनको आणि कर खाते यांचे हितसंबंध गुंतलेले आहेत. शिवाय त्या वह्या जपण्याची कंपनी कायद्यातील मुदत सामान्यतः आठ वर्षांची. १९८२ च्या पटावरील नावाची गरज २०२३ साली पडली, हे अंतर एकेचाळीस वर्षांचे आहे.

कर्मचारी संघटना वेतनकरार करताना महागाई भत्त्याच्या सूत्रावर रात्र रात्र घासाघीस करतात. त्याच करारात नोंदींविषयी तीन आकडे लिहून घेण्यास काय हरकत आहे? किती वेळाच्या नोंदी बुडू शकतात, काम किती तासांत पूर्ववत होईल, आणि प्रत उघडून पाहण्याची चाचणी वर्षातून कितीदा होईल. यांवर मालक फार अडून बसणार नाही. चौथ्या आकड्यावर तो अडेल: नोकरी सोडून गेलेल्या माणसाची नोंद किती वर्षे जपायची? साठवणुकीचा खर्च हे त्याचे कारण असणार नाही, कारण एका माणसाच्या तीस वर्षांच्या पगारनोंदी आज नखाएवढ्या जागेत मावतात. जुनी नोंद हा जुन्या देण्याचाही पुरावा असतो, हे त्याला पक्के ठाऊक असते.

कंपनीच बंद पडली तर काय, हा प्रश्न याहून अवघड आहे. गिरणी बंद पडली तरी निदान कपाटे जागेवर राहत, आणि एखादा जुना कारकून चावी सांभाळून असे. भाड्याच्या सर्व्हरवरील नोंदींचे भाडे थकले की त्या ठराविक मुदतीनंतर पुसल्या जातात, आणि त्यांची अखेरची प्रतही त्याच भाडेकरारात असते. कंपनी गुंडाळताना यंत्रे, जागा आणि येणी यांची यादी होते, तशी सेवानोंदींची एक प्रत कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जमा केल्यावाचून गुंडाळणीचा अंतिम आदेश देऊ नये, असा नियम करता येईल. त्यासाठी लागणारी जागा एका टेबलाच्या खणापेक्षा अधिक नाही. ती जपणारा माणूस आणि ती दरवर्षी उघडून पाहण्याची तजवीज तेवढी सरकारला करावी लागेल.