असावं अंगात!

गेल्या दिवाळीत आमचे मेव्हणे आले ते मिठाईच्या पेटीऐवजी जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची बाटली घेऊन. आत मोजून ३६५ गोळ्या!

“भावोजी, रोज एक. न चुकता.”

“पण मला झालंय काय?”

“झालं काहीच नाही हो, पण असावं अंगात!”

या दोन शब्दांशीच माझे भांडण आहे. ‘क’ जीवनसत्त्व आणि ‘ब’ गटातली बरीचशी जीवनसत्त्वे जादा झाली की लघवीवाटे निघून जातात. (सणाच्या अंकात हा विषय काढल्याबद्दल क्षमस्व, पण गोळी घेणाऱ्यांनी तो पिवळाजर्द रंग पाहिलेला असतो.) ‘अ’ आणि ‘ड’ मात्र अंगात खरोखरच साठतात, आणि अति झाले की बाधतात. फिनलंडमध्ये २९ हजारांवर विडीकाडी ओढणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. ज्यांना बीटा कॅरोटीनची गोळी दिली, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के अधिक आढळला! हे १९९४ साली प्रसिद्ध झाले. आणि अमेरिकेत सुमारे ३ लाख ९० हजार धडधाकट माणसांचा वीस वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतला, तेव्हा रोज गोळी घेणारे अधिक जगले असे काही दिसले नाही. हा हिशेब २०२४ चा.

मूळ गोष्ट किती साधी होती! जावा बेटात आइकमान या डच डॉक्टराला दिसले, की सडीक पांढरा तांदूळ खाऊन कोंबड्या लुळ्या पडतात आणि असडीक घातला की सावरतात. त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आणि आपण काय केले? कोंडा गुरांपुढे टाकला, नि त्यातलेच सत्त्व बाटलीत भरून आले तेव्हा पैसे मोजून घेतले!

गोळीशी माझे वैर नाही. गर्भारपणाआधीपासून फोलिक आम्ल घेतले तर बाळाच्या कण्यातले व्यंग पुष्कळ अंशी टळते, ते घ्यावेच. आमच्यासारख्या शाकाहारी घरांत ‘ब १२’ कमी पडते, तेही तपासून घ्यावे. पण तपासून!

माझ्या थोरल्या बहिणीला थकवा येई. एका दुकानदाराने लोह आणि फोलिक आम्लाच्या गोळ्या दिल्या. रक्त सुधारले, चेहऱ्यावर तजेला आला, आम्ही सारे खूश. पायाला मुंग्या येत, त्याकडे कोणी पाहिले नाही, मीही नाही. उणीव होती ‘ब १२’ ची. फोलिक आम्लाने रक्तातली खूण पुसली जाते आणि मज्जातंतू आतल्या आत झिजत राहतात, हे आम्हांला फार उशिरा कळले. आता ती भिंतीला धरून चालते. भाऊबीजेला मला ओवाळते ती खुर्चीत बसून.

मेव्हण्यांना मी म्हटले, “बाटली परत न्या, आणि आधी स्वतःचे रक्त तपासून या.” ते रागावले. चकल्या मात्र बांधून घेऊन गेले.